संगीत नाटकात काम करायचंय? खान्देशातल्या मुलींसाठी पायरीपायरीनं

पुण्यातल्या माझ्या पहिल्या चाचणीत मी 'मानापमान' नाटकातल्या भामिनीचं पद म्हटलं. ताना उतरल्या, समेवर नीट आले, वाटलं काम झालं. ऑर्गनवर बसलेल्या आजोबांनी भात्यावरचा पाय काढला आणि विचारलं, "बाळ, या पदाच्या आधीचं वाक्य काय आहे?" मला माहीत नव्हतं. पद मी मोबाइलवर ऐकून बसवलेलं. नाटक हातात कधी धरलंच नव्हतं. "बरं, भामिनी आत्ता कुणाशी बोलतेय?" तेही सांगता येईना. "गळा चांगला आहे. नाटक वाचून ये," एवढं म्हणून त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

महाराष्ट्र एक्सप्रेसनं रात्र काढून गेले होते, तशीच परत आले. चाळीसगाव येईपर्यंत रडले. जळगावला उतरले तेव्हा भूक लागली होती.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आता माझे बऱ्यापैकी प्रयोग होतात, बाकीच्या दिवशी मी मुलींना गाणं शिकवते. चोपडा, पारोळा, शहादा, कुठून कुठून आयांचे फोन येतात: "ताई, हिचा आवाज छान आहे, नाटकात कसं जायचं?" दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा लिहून काढलं. मुली, हे तुझ्यासाठी आहे, आणि थोडं तुझ्या आईबापांसाठी.

१. आधी ठरव, नक्की काय करायचंय

ऑर्केस्ट्रात गाणं, भावगीतांचा कार्यक्रम करणं, लावणीचा शो, लोकनाट्य आणि संगीत नाटक ही पाच वेगळी कामं आहेत. पाचही कष्टाची. आपल्याकडे तमाशाला आणि वहीगायनाला (डफावरच्या आपल्या लोकगाण्याला) खालचं समजणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. डफावर रात्रभर वही गाणाऱ्याचा दमसास पाहिला की आपल्या तानपलट्यांची लाज वाटते.

संगीत नाटक म्हणजे बोलता बोलता गाणं आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर येणं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात झालं, दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. तेव्हा आणि पुढची कित्येक वर्षं सुभद्रा काय, शकुंतला काय, सगळ्या भूमिका पुरुषच करायचे. त्यातले सगळ्यात गाजलेले बालगंधर्व लहानपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले, हे आपल्याकडच्या पोरींना कुणी सांगत नाही. बायका हळूहळू आल्या. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, ज्योत्स्ना भोळे १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त उभ्या राहिल्या, १९४२ मध्ये 'कुलवधू' त्यांनीच गाजवलं. मग जयमाला शिलेदार, त्यांची लेक कीर्ती शिलेदार. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मधली फैयाज यांची झरीना.

हा इतिहास परीक्षेसाठी सांगत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना तुला कळायला हवं की बालगंधर्वांचा तो आवाज बाईचा नाही, बाईचं काम करणाऱ्या पुरुषाचा आहे. त्यांची पट्टी (गाण्याचा मूळ सूर), त्यांचा लाडिक झोल जसाच्या तसा उचलणाऱ्या मुली मी बघते. पुरुषानं केलेल्या बाईची नक्कल बाई करते, आणि समोरच्याला काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही.

२. गळा: गुरू, पट्टी, परीक्षा

तालुक्याच्या गावी गाण्याचा क्लास असतो, पण पुष्कळ ठिकाणी सगळं शिक्षण हार्मोनियमवर चालतं. पेटीच्या सुराला चिकटून गाणारी मुलगी ऑर्गन थांबला की लटपटते. म्हणून रोज किमान अर्धा तास फक्त तानपुऱ्यावर गा. तानपुरा नसेल तर मोबाइलवरचं अॅप चालतं, पण छोट्या स्पीकरला जोडून. मोबाइलच्या आवाजात खर्ज, म्हणजे खालचा सूर, ऐकूच येत नाही.

आपली पट्टी शोध. बहुतेक मुलींची पेटीवरची काळी चार किंवा काळी पाच असते, कुणाची पांढरी पाच. गुरूंसमोर बसून ठरव, कारण नाटकात तुला सलग अडीच तास बोलून वर गायचं असतं. बैठकीत काळी पाच पेलणाऱ्या मुलीला नाटकात काळी चार बरी पडते. तिसऱ्या अंकात गळा थकलेला असतो, तेव्हा ते लक्षात येतं.

परीक्षा म्हणशील तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या दे: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद, मग अलंकार. केंद्रं आपल्या भागात आहेत. पण 'विशारद झाल्यावर नाटकाचं बघू' म्हणून थांबू नकोस. मध्यमा झाली, त्रिताल-एकताल-झपताल हातावर आले, दहा-बारा राग ओळखता यायला लागले की उतर. 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले आणि 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या त्या बंदिशींच्या, ठुमऱ्यांच्या अंगानं. तेवढा पाया नसेल तर पद नुसतं पाठ होतं, उलगडत नाही.

आणि कानबाईच्या रात्रीचा, आखाजीच्या झोक्यावरचा, गुलाबाईच्या गाण्यांचा मोकळा आवाज क्लासात जाऊन मारू नकोस. शहरातल्या मुली माइकच्या आधारानं बारीक गातात. आपल्या बायका अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत पोचतात. तो मोकळा लागलेला आवाज हीच तुझी कमाई आहे, सुरात ठेवलास तर.

३. ळ आणि ण

यावर थोडं थांबते, कारण माझी यात फार फजिती झालीय.

माझी आजी माझं कौतुक करायची, "तुना गया चांगला शे." गया म्हणजे गळा. अहिराणीत ळ चा य होतो. काळा तो काया, डोळा तो डोया. लेवा बोलीतही तसंच. घरात कानाला काही वाटत नाही. पण पहिल्याच तालमीत मी "वेळ" ऐवजी "वेय" म्हटलं आणि सगळी तालीम हसली. फक्त दिग्दर्शक हसले नाहीत. ते म्हणाले, "तुझी बोली टाकू नकोस, फक्त खिशात ठेव." माझं नशीब बरं. तुला असा माणूस भेटेलच असं नाही, म्हणून हसू व्हायच्या आधीच तयारी कर.

असं कर. तानपुरा लाव, षड्जावर (म्हणजे 'सा'वर) सावकाश एकेक शब्द म्हण: कमळ, निर्मळ, सकळ, गोंधळ, काळवेळ. जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागलंच पाहिजे. मग ण चे (घरी आपण त्याचा न करतो): चरण, प्राण, करुणा, कारण. महिनाभर रोज दहा मिनिटं. त्यानंतर वर्तमानपत्रातला उतारा मोठ्यानं वाचून रेकॉर्ड कर आणि खान्देशाबाहेरच्या कुणाला तरी ऐकव. घरच्यांना ऐकवून उपयोग नाही, त्यांना चूक ऐकूच येणार नाही.

आता यातला खड्डा. ण शिकल्यावर मुली सगळीकडेच ण घालतात. 'मन'चं 'मण' होतं, 'अनुभव'चा 'अणुभव'. हे पहिल्या चुकीपेक्षा वाईट दिसतं, कारण त्यात खटाटोप दिसतो. शंका आली की शब्दकोश उघड.

च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार, श-ष-स, आणि जोडाक्षरं यांचंही असंच. जुन्या पदांत संस्कृत शब्द खच्चून भरलेले असतात. अर्थ माहीत नसेल तर श्वास शब्दाच्या मधे तुटतो आणि श्रोत्याला भलतंच ऐकू येतं. पदाच्या वहीत प्रत्येक ओळीखाली अर्थ लिही, आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीनं रेघ मार. पेन्सिलीनंच, कारण ती रेघ तालमीत चार वेळा हलते.

४. बोलण्यातून गाण्यात जाणं

त्या आजोबांनी मला जे विचारलं ते इथलं. पुढे दोन वर्षं मी त्यांच्याकडे जाऊन बसले, आणि जे काही येतं ते तिथंच आलं.

पद सुरू होतं ते पहिल्या सुरावर नाही. त्याच्या आधीच्या दोन-तीन वाक्यांत सुरू होतं. ऑर्गनवाला गद्याच्या शेवटी हळूच सूर धरतो. नवखी मुलगी काय करते? बोलणं संपवते, थांबते, सुराकडे कान लावते, खांदे सरळ करते आणि गायला लागते. प्रेक्षकाला लगेच कळतं: आता नाटकातली रुक्मिणी गेली आणि गाणारी बाई आली. तो मधला रिकामा क्षण घालवायचा, एवढीच या सगळ्या विद्येची अर्धी मेहनत.

घरी करायचा सराव सांगते. मोबाइलवर तानपुरा लाव. पदाआधीची पाच वाक्यं बोल, पण सुरात नाही, साध्या बोलण्यात. ऐकत राहा: तुझ्या बोलण्याचा आवाज षड्जाच्या किती वर आहे, किती खाली. मग शेवटच्या वाक्याचा शेवटचा शब्द हळूहळू पदाच्या पहिल्या सुराजवळ येऊ दे. ओढून आणू नकोस, भावना चढली की आवाज आपोआप चढतो. भावना खोटी असेल तर चढणार नाही, तेव्हा चूक अभिनयात आहे असं समज. रोज एकच जागा वीस मिनिटं कर. पंधरा दिवसांनी दुसरी.

सुरुवातीला कुठलं नाटक घ्यावं? 'शारदा' घे. गोविंद बल्लाळ देवलांचं, १८९९ चं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या पोरीची गोष्ट; चाली साध्या, बोलण्याच्या जवळच्या, आणि शारदा कशाला रडते हे आपल्या गावातल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. मग 'संशयकल्लोळ'मधली रेवती. तिचं गद्य चटपटीत आहे, विनोदाची वेळ साधायला शिकवतं. त्यानंतर 'सौभद्र'. 'मानापमान'ची भामिनी आणि 'स्वयंवर'ची रुक्मिणी जरा उशिरा. मी उलट्या टोकानं सुरू केलं होतं.

नाटक पूर्ण वाच. स्वतःच्या वाक्यांखाली रेघा मारून बाकीचं सोडून देणाऱ्या नटीला समोरचा नट पहिल्याच तालमीत ओळखतो.

आणखी दोन गोष्टी. तू ताना घेत असताना समोरचा नट उभाच असतो. त्याच्याकडे बघ. त्याच्याकडे न बघता प्रेक्षकांकडे तोंड करून गायलीस तर त्या बिचाऱ्यानं दोन मिनिटं करायचं काय? मी एकदा त्या जागी होते. शेला सारखा करत बसले.

दुसरी, वन्समोअरची. टाळ्या पडल्या की नमस्कार करायचा नाही, भूमिका सोडायची नाही, आहे तशी थांबायचं. पुन्हा म्हणायचं की नाही हे दिग्दर्शकानं तालमीतच ठरवलेलं असतं. म्हणायचं असेल तर बहुधा अंतऱ्यापासून. पूर्वी नाटकं रात्रभर चालायची, 'सौभद्र'मध्ये शंभरावर पदं होती. आता प्रयोग अडीच-तीन तासांत उरकतो, नाट्यगृह वेळेत रिकामं करायचं असतं. तुला आवडलं म्हणून दोन आवर्तनं वाढवायची मुभा नसते.

५. खान्देशात रंगमंच कुठे मिळेल

पुणे-मुंबईला धावायच्या आधी इथं किमान तीन वर्षं काढ. इथं चुकलं तर चालतं.

शाळा-कॉलेजात असशील तर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'युवारंग' युवक महोत्सव सोडू नकोस. गाणाऱ्या मुली फक्त गाण्याच्या प्रकारांत नाव देतात. तू विडंबननाट्य नाहीतर मूकनाट्यातही दे. तोंडातून शब्द न काढता रंगमंचावर उभं राहता आलं की पुढे सोपं जातं. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात संगीत आणि नाट्य दोन्ही शिकायची सोय आहे. पदवीला जायचंच असेल तर याचा विचार कर.

राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि जळगाव तिच्या प्राथमिक फेरीचं केंद्र असतं. संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी होते. स्पर्धेत एकटीला प्रवेश नसतो, संस्थेचा असतो. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, जिथं जवळ पडेल तिथल्या हौशी मंडळाच्या तालमीला जाऊन बस. "काम द्या" म्हणून जाऊ नकोस, "मदत करू का" म्हणून जा. पहिलं वर्ष प्रॉम्प्टिंग कर, कपडेपट सांभाळ. मी एका नाटकात सात प्रयोग विंगेत बसून पुस्तक धरलं. आठव्याला नटी आजारी पडली, आणि सगळं नाटक पाठ असलेली एकच मुलगी तिथं होती.

जळगावचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह, बालगंधर्व खुलं नाट्यगृह, धुळ्याचं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, नंदुरबारचं छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर: बाहेरगावचं नाटक आलं की तिकीट काढून बघ, आणि जमलं तर सेट लावताना दुपारीच जा. जळगावला बालगंधर्वांच्या नावानं संगीत महोत्सवही भरतो. खुल्या नाट्यगृहात आवाज कसा उडून जातो आणि बंदिस्तात कसा परत येतो, ते तिथं उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

पुढचं शिक्षण हवं तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आपल्याला सगळ्यात जवळ. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गाणं आणि नाटक दोन्ही एका छपराखाली आहेत, संगीत नाटकवालीला ते सोयीचं. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवीनंतर.

६. कागदपत्रं आणि सामान

एक फाइल आजच कर. झेरॉक्स तीन-तीन.

- आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान
- दहावी-बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला
- गांधर्वच्या परीक्षांची प्रमाणपत्रं, स्पर्धांची प्रमाणपत्रं (सहभागाचीसुद्धा)
- गुरूंच्या सहीचं पत्र: किती वर्षं, काय शिकलीस
- एक पानी माहिती: वय, उंची, पट्टी, येणाऱ्या भाषा, केलेल्या भूमिका. अहिराणी येते हे जरूर लिही
- दोन फोटो: एक बिनमेकअपचा, एक नऊवारीतला
- दोन-तीन मिनिटांची चित्रफीत: आधी गद्य, मग पद, मधे न तोडता
- अठरा पूर्ण नसतील तर पालकांचं संमतिपत्र

गुरूंच्या पत्राची आठवण ठेव. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिथं गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. आपल्याकडे मुली दहा वर्षं शिकतात आणि कागद एकही नसतो.

सामानात सरावाची सुती नऊवारी हवीच. भरजरी शालू कपडेपटातला मिळतो, पण नऊवारी नेसून बसणं, उठणं, जिन्यावरून उतरणं आणि खालून दम घेणं याची सवय घरीच करावी लागते. कास घट्ट बसली की पोटानं श्वास घेता येत नाही, आणि पहिल्या प्रयोगाला मुलींची तान तिथंच तुटते. मी महिनाभर नऊवारी नेसून भाकरी थापल्या. शेजारच्या काकू विचारायच्या, "आज काय पूजा व?" याशिवाय गंगावन, आकडे, पिना, नथ, स्वतःचा मेकअपचा ब्रश आणि स्पंज (दुसऱ्याचा वापरू नकोस, त्वचेची वाट लागते), थर्मास, ज्येष्ठमध.

७. चाचणीला जाताना

चाचणीचे पैसे भरायचे नसतात. पुन्हा वाच. मी भरलेत. एकानं फोनवर नोंदणी आणि फोटोसेशन मिळून साडेचार हजार मागितले, मी शिकवणीचे साठवलेले दिले. गेले त्या पत्त्यावर. एक हॉल होता, पन्नास मुली होत्या, नाटक कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. खरी मंडळी तुझ्याकडून प्रवासखर्चाचेही पैसे मागत नाहीत. फार तर देत नाहीत.

बोलावणं आलं की चार प्रश्न विचार: नाटक कोणतं, भूमिका कोणती, तालमी कुठे आणि किती वाजेपर्यंत, दिग्दर्शक कोण. उत्तरं गोलमोल आली तर जाऊ नकोस. पहिल्या खेपेला कुणाला तरी सोबत ने. "एकटीनंच यायचं" म्हणणाऱ्याकडे दुकटीनंही जायचं नाही.

पुण्यात भरत नाट्य संशोधन मंदिरासारख्या संस्थांनी संगीत नाटकं चालू ठेवलीत. तिथले प्रयोग बघ, संपल्यावर आत जाऊन ऑर्गनवाल्याशी आणि तबलजीशी बोल. दिग्दर्शकाभोवती गर्दी असते, साथीदारांशी कुणी बोलत नाही. आणि नवी मुलगी हवी असेल तर दिग्दर्शक आधी त्यांनाच विचारतो. मला दुसरी संधी तशीच मिळाली, त्याच आजोबांकडून, नाटक वाचून गेल्यावर.

चाचणीत रेकॉर्डच्या पट्टीत सुरू करू नकोस. बसल्याबरोबर सांग, "काळी चार." एवढं ठामपणे सांगणारी मुलगी शिकलेली आहे हे समोरच्याला लगेच कळतं.

८. पैसे

पोट फक्त संगीत नाटकावर भरत नाही. माझ्या पहिल्या पाकिटात पाचशे रुपये होते. मानधन प्रयोगागणिक मिळतं, त्याला 'नाइट' म्हणतात. तालमीचे बहुधा वेगळे मिळत नाहीत. म्हणून जोडीला शिकवण्या ठेव, निवेदन कर, अहिराणीत काही होत असेल तर तेही कर.

बोलणी आधी, आणि मोबाइलवर का होईना लेखी: नाइट किती, दौऱ्यावर जेवण-मुक्काम कुणाचा, बायकांची खोली वेगळी का, प्रयोग रद्द झाला तर काय, चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकणार असतील तर त्याचे किती. शेवटचा प्रश्न विचारला की लोक जरा चमकतात. चमकू दे. टीडीएस (मानधनातून आधीच कापलेला कर) कापला तर त्याची नोंद तुझ्या पॅनवर दिसते का ते बघ.

९. घरचे

"लोक काय म्हणतील" हा प्रश्न आमच्याकडेही होता. भांडून सुटला नाही. बाबांना मी एका तालमीला घेऊन गेले. कोपऱ्यात खुर्ची टाकून चार तास बसले. घरी येऊन आईला म्हणाले, "अगं, तिथं तर नुसतं एकच वाक्य दहादा म्हणायला लावतात." त्यानंतर विरोध गेला नाही, पण संशय गेला. रात्रीच्या परतीचं मात्र आधी ठरवायचं: प्रयोग साडेबाराला संपतो, शेवटची एसटी कधीच गेलेली असते. मंडळाच्या गाडीनं घरापर्यंत सोडायचं, हे पहिल्या दिवशी बोलून घे.

१०. प्रयोगाचा दिवस

दुपारी झोप काढ, फोन कमी. आदल्या रात्रीपासून शेवभाजी, ठेचा, हिरव्या मिरचीचं भरीत बंद. चवीशी माझं वैर नाही, पण रात्री उशिरा तिखट खाऊन झोपलं की पित्त वर येतं आणि सकाळी आवाज खरखरतो. केळ्यानं घसा धरतो असं क्लासात सांगतात. मी रावेरच्या बाजूची, केळी खाऊनच मोठी झाले. मला काही होत नाही, तुझं तू बघ. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा उन्हातून येऊन बर्फाचं पाणी पिऊ नकोस, कोमट पाणी घोट घोट दिवसभर पी.

दोन तास आधी पोच. रंगमंचावर जाऊन चारी कोपऱ्यांत एकेक ओळ म्हण. माइक कॉलरचा असेल तर दागिना त्यावर घासत नाही ना ते बघ, तन्मणी वाजतो. ध्वनिव्यवस्थेवाल्याला तुझी सगळ्यात वरची तान एकदा ऐकवून ठेव, नाहीतर ऐन वेळी तो घाबरून आवाज खाली घेतो.

आणि घसा बसलाय असं वाटलं तर लपवू नकोस. मेकअपला बसायच्या आधी ऑर्गनवाल्याकडे जा आणि सांग, "काका, आज अर्धी पट्टी खाली." ते कुरकुरतील, तबलजी जास्त कुरकुरेल, कारण त्याला तबला उतरवून पुन्हा लावावा लागतो. पण पहिल्या घंटेच्या आधी सांगितलंस तर दोघंही करतात. तिसऱ्या घंटेनंतर पडदा वर गेला की पट्टी बदलता येत नाही.